दोन ग्राफिक्स कार्डं, नागपूरचा मे महिना आणि रेडिएटरचं माप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मनीषनगरात सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर थेट स्लॅब. एका मशीनमध्ये दोन आरटीएक्स ३०९० बसवून तासन्‌तास रेंडर (संगणकाकडून दृश्यं तयार करून घेण्याचं काम) चालवायचे आहेत. पंख्यांवरची कार्डं मार्चमध्येच तापून वेग कमी करायला लागली, म्हणून वॉटर कूलिंगचा विचार, म्हणजे पंपानं पाणी फिरवून कार्डांची उष्णता रेडिएटरपर्यंत न्यायची. दुकानदार म्हणतो ३६० चा, म्हणजे १२० मिमीचे तीन पंखे बसणारा, एक रेडिएटर पुरे. कुणी सांगितलं दर शंभर वॉटला १२० मिमी रेडिएटर लागतो. आणखी कुणी सांगितलं की जितका जाड, तितका चांगला. मग घ्यायचा कोणता?

या तिघांपैकी कुणीही तुम्हाला खोलीचं तापमान विचारलेलं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. रेडिएटर पाण्याला 'थंड' करत नाही. तो पाण्यातली उष्णता खोलीतल्या हवेला देतो, आणि पाणी हवेपेक्षा जितकं जास्त गरम, तितकी ती जास्त देता येते. म्हणजे रेडिएटरचं माप वॉटवरून ठरतं हे अर्धंच खरं. ते ठरतं वॉट भागिले पाणी आणि हवा यांच्यातला फरक यावरून. पाण्याला वरची मर्यादा आहे आणि ती जगात सगळीकडे सारखीच. खोलीचं तापमान मात्र नागपुरात डिसेंबरमध्ये २२ असतं आणि मेमध्ये ४०. वरची मर्यादा जागची हलत नाही, खालून खोली वर चढत जाते, आणि मधे उरलेल्या अंशांत सगळं काम भागवायचं असतं.

आधी वरची मर्यादा पक्की करू. कार्डाच्या मुख्य चिपला विचारलं तर ती भरपूर सूट देते. ३०९० चा कोर ९३ अंशांपर्यंत चालतो, आणि चांगल्या पूर्ण आकाराच्या वॉटरब्लॉकखाली (कार्डावर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) ३५० वॉटला कोर पाण्यापेक्षा साधारण १२ ते १५ अंश वर राहतो. म्हणजे पाणी ५५ ला गेलं तरी कोर ७० च्या आसपासच. चिपच्या आधी बाकीचं सामान हात वर करतं. डी५ या नेहमीच्या वापरातल्या पंपाला पाण्याची मर्यादा ६० अंशांची आहे. मऊ पीव्हीसी नळी गरम झाली की ढिली पडते आणि फिटिंगवरची पकड कमी होते. पीईटीजी प्लास्टिकची कडक नळी ६० च्या जवळ, ताणाखाली, वाकायला लागते. म्हणून मी आखणी करताना पाणी ५० धरतो आणि ५५ ला धोक्याची रेघ मारतो. मधले पाच अंश पंख्यात साठणाऱ्या धुळीसाठी आणि एखाद्या फारच वाईट संध्याकाळसाठी राखीव.

आता खालची बाजू. हवामानाच्या ॲपमधला आकडा इथे उपयोगाचा नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं, पण तुमच्या रेडिएटरला तो आकडा दिसत नाही. त्याला दिसते ती पंख्याच्या तोंडाशी असलेली हवा. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळी खाली सोडतो. त्यामुळे खोली सगळ्यांत जास्त तापलेली असते ती दुपारी दोनला नाही, सहा ते आठच्या दरम्यान, आणि बरेच जण नेमका तेव्हाच रात्रभराचा रेंडर लावतात. साधा डिजिटल थर्मामीटर मशीन ठेवणार त्या जागी, पंख्याच्या उंचीवर, आठवडाभर ठेवा. शक्यतो दोन ठेवा. मे २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्यानं तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. स्वस्तातला थर्मामीटर दोन-तीन अंश सहज चुकतो, आणि आपला सगळा हिशेबच दहा अंशांचा आहे.

हिशेबासाठी १२० मिमीच्या एका पंख्यामागे येणाऱ्या रेडिएटरच्या भागाला एक खण म्हणू. २४० म्हणजे दोन खण, ३६० म्हणजे तीन. १४० मिमीच्या पंख्याचा खण क्षेत्रफळानं मोठा असतो, तो मी १.३ धरतो. साधारण ३० मिमी जाडीच्या तांब्याच्या रेडिएटरवर, दाब देणारा बरा पंखा १३०० आरपीएमला (मिनिटाला १३०० फेरे) चालत असेल, तर एक खण फरकाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १० वॉट बाहेर टाकतो. पंखा ७५० आरपीएमवर आणला तर ६ वॉट, १८०० ला नेला तर १२ ते १३. कंपनी-कंपनीनुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण खरेदीचा निर्णय यावर नक्की घेता येतो.

'शंभर वॉटला १२० मिमी' हा नियम इथूनच येतो. तो खोटा नाही. पंखे १३०० वर आणि पाणी हवेपेक्षा दहा अंश वर, ही अट त्यात दडलेली आहे. थंड देशातल्या माणसाकडे खोली २२ ला असते. त्यानं हा नियम पाळला तर पाणी ३२ ला राहतं, नाही पाळला तरी ४५ ला जातं आणि काही बिघडत नाही. त्याच्यासाठी तो नियम म्हणजे चैन. आपल्याकडे मेमध्ये तोच नियम किमान गरज आहे.

तुमचे आकडे घालून बघा. दोन कार्डं प्रत्येकी ३५० वॉट, म्हणजे ७००. पंपाची उष्णताही शेवटी पाण्यातच उतरते, तिचे २० धरा. एकूण ७२०. खोली ४० आणि पाणी ५० म्हणजे फरक दहाचा, एक खण १०० वॉट टाकणार, म्हणून हवेत ७.२ खण. त्याच खोलीत कूलर चालू असेल आणि हवा ३२ वर येत असेल तर फरक १८ चा होतो आणि चार खण पुरतात. डिसेंबरमध्ये खोली २२ असताना २.६ खणांत भागतं, म्हणजे दुकानदाराचा ३६० चा एक रेडिएटर त्या दिवसांत खरोखरच पुरेल. तो खोटं बोलत नव्हता, उत्तर हिवाळ्याचं देत होता. तोच एकटा रेडिएटर ४० च्या खोलीत लावलात तर १३०० आरपीएमला पाणी हवेपेक्षा २४ अंश वर जाऊन ६४ ला पोचेल. पंखे १८०० ला किंचाळत ठेवले तरी ५९. पंपाच्या मर्यादेपासून एक अंश अलीकडे.

आता रेडिएटर वाढवण्याआधी वॉट कमी करून बघा, कारण याला एक रुपयाही लागत नाही. ३०९० ला पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर, म्हणजे २८० वॉटवर आणलं तर रेंडरचा वेळ वाढतो खरा, पण बहुधा दहा टक्क्यांच्या आतच. वरचे शेवटचे ७० वॉट कार्ड फार थोड्या कामासाठी जाळतं. दोन्ही कार्डं २८० वर आणली की एकूण ५८० वॉट होतात, आणि ४० च्या खोलीतही ७.२ ऐवजी ५.८ खण लागतात. दोन ३६० मध्ये हे बसतं. ही मर्यादा आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधल्या एका स्लायडरनं लागते. बारा महिने नको असेल तर एप्रिल ते जूनपुरती लावा. माझा स्वतःचा कल तीच कायम ठेवण्याकडे आहे, कारण ते वॉट वाचले की खोलीही तेवढी कमी तापते.

प्रोसेसर या लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या फेऱ्यात, घेऊ नका. तुमचं रेंडरिंग कार्डांवर होतं, त्या वेळी प्रोसेसर अर्धवट रिकामाच असतो. त्याला पंखा असलेला चांगला टॉवर हीटसिंक द्या. उगाच दीडशे वॉटची सोय करायची आणि प्रोसेसरला ५० अंशांचं पाणी पाजायचं, यात काही मिळत नाही.

जाडीबद्दल. जाड रेडिएटरमध्ये हवा आत शिरते तेव्हा थंड असते, पण फिन्समधून (धातूच्या पातळ पट्ट्यांमधून) पुढे सरकताना तापत जाते. ६० मिमीच्या शेवटच्या भागात पोचेपर्यंत ती जवळजवळ पाण्याइतकी गरम झालेली असते आणि फारसं काही नेऊ शकत नाही. पंखा हळू फिरत असेल तर हे आणखी लवकर होतं. त्यामुळे त्याच पैशांत ६० मिमी जाडीचा एक ३६० आणि ३० मिमीचे दोन ३६० यांत निवड असेल तर दोन पातळच घ्या. दोन्ही बाजूंनी पंखे लावून, एक ढकलतो आणि एक ओढतो अशी मांडणी केली तर दहा-पंधरा टक्के फायदा होतो. पंखे मात्र दुप्पट लागतात.

फिन्स किती दाट असावेत, यात नागपूरचा वेगळा विचार करावा लागतो. इंचाला वीस किंवा जास्त फिन्स असलेले रेडिएटर वेगवान पंख्यांवर चांगले आकडे देतात, पण आपल्याकडे उन्हाळ्यात बारीक माती उडते, आणि कूलरची दमट हवा तीच माती फिन्सवर लेपासारखी बसवते. इंचाला १० ते १४ फिन्सचा रेडिएटर घ्या. पहिल्या दिवशी दोन अंश कमी चांगला असेल, पण महिन्याभरानंतरही बराचसा तसाच राहील. दाट फिन्सचा तेवढ्यात निम्मा बुजलेला असतो.

धातूच्या बाबतीत मात्र कुठलीही तडजोड नको. ऑनलाइन जे अतिशय स्वस्त रेडिएटर दिसतात ते ॲल्युमिनियमचे असतात. तुमचा वॉटरब्लॉक तांब्याचा, त्यावर निकेल, फिटिंग पितळेची. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. पाण्यात पांढरा-करडा गाळ येतो, ब्लॉकच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या खाचांत अडकतो, आणि शेवटी रेडिएटरला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. कारच्या रेडिएटरचं जुगाड सुचवणारेही भेटतील, तेही बहुतेक ॲल्युमिनियमचेच असतात. सीताबर्डीत घ्या किंवा ऑनलाइन, आतल्या नळ्या तांब्याच्या आणि टोकाचे कप्पे पितळेचे किंवा तांब्याचे आहेत हे वाचून मगच पैसे द्या. वर्णनात धातूचं नावच नसेल तर तो ॲल्युमिनियमचा समजा.

आता सर्वांत जास्त फसगत जिथे होते ते. दोन ३६० घेतले की लोक एक समोर बसवतात, हवा आत ओढणारा, आणि एक वर बसवतात, हवा बाहेर फेकणारा. दिसायला सुंदर, कॅबिनेटच्या पुस्तिकेतही तसंच चित्र असतं. पण दहा अंशांच्या हिशेबात काय होतं बघा. समोरच्या रेडिएटरमधून खोलीची ४० अंशांची हवा गेली, तिनं ३०० वॉट उचलले. रेडिएटरच्या अडथळ्यातून एक पंखा १३०० आरपीएमला प्रत्यक्षात ३० सीएफएमच्या (मिनिटाला ३० घनफूट) आसपास हवा ढकलतो. पुठ्ठ्यावर ६० लिहिलेलं असतं, ते मोकळ्या हवेतलं. तीन पंख्यांची ९० सीएफएम हवा ३०० वॉट घेऊन साडेसहा अंशांनी तापते. कॅबिनेटच्या आतली हवा झाली साडेसेहेचाळीस. वरच्या रेडिएटरला ही हवा मिळते, पाणी ५० ला, फरक उरला साडेतीनचा. ३०० वॉटसाठी घेतलेला रेडिएटर जेमतेम १०० वॉट टाकतो. तुम्ही पैसे सहा खणांचे दिले, मिळाले चार. थंड खोलीत फरक वीस-पंचवीसचा असतो तिथे हे खपून जातं. इथे मेमध्ये नाही.

म्हणून प्रत्येक रेडिएटरला खोलीची ताजी हवा मिळाली पाहिजे. कॅबिनेटमध्येच बसवायचे असतील तर दोन्हींचे पंखे आत ओढणारे ठेवा आणि मागून एक मोठा पंखा बाहेर फेकणारा. आत हवा जास्त झाली की ती कार्डांच्या मागच्या जाळ्यांतून आपोआप वाट काढते, तिथल्या रिकाम्या स्लॉटवरच्या पट्ट्या काढून जाळीच्या बसवल्या तर आणखी बरं. मदरबोर्ड आणि एसएसडीला मग ४७ अंशांची हवा लागेल. चालतं, पण एसएसडीला हीटसिंक हवा, आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ५० अंशांना पूर्ण भार देणारा हवा. काही स्वस्त एसएमपीएसची क्षमता ४० किंवा त्याहून कमी तापमानालाच लिहिलेली असते.

मला विचाराल तर तुमच्या खोलीसाठी रेडिएटर कॅबिनेटच्या बाहेर काढा. नऊ पंख्यांचा एकच मोठा चौकोनी रेडिएटर मिळतो, वॉटरकूल कंपनीचा मो-रा हा त्यातला माहितीचा. नऊ खण म्हणजे ७२० वॉटला फरक आठच अंशांचा, तोही पॉवर लिमिट न लावता. २८० ची मर्यादा लावलीत तर हेच पंखे ९०० च्या आसपास फिरवून काम होतं आणि खोलीत शांतपणे बसता येतं. तेवढा खर्च नको असेल तर दोन साधे ३६० लोखंडी किंवा लाकडी चौकटीत शेजारी-शेजारी उभे करा, एकमेकांच्या मागे नको. नळी आतून १० मिमी आणि बाहेरून १६ मिमीची घ्या, जाड भिंतीमुळे ती वळणावर दबत नाही. दीड-दोन मीटर लांबीनं पंपाला काही फरक पडत नाही. झटकन सुटणारी कपलिंग लावणार असाल तर ती प्रवाहाला थोडी अडवतात, त्यासाठी डी५ सारखा दमदार पंप हवा.

प्रवाहाची चिंता मात्र फार करू नका. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ७०० वॉट उचलताना ते एका फेरीत अडीच अंशच तापतं. म्हणून कार्ड आधी की रेडिएटर आधी, या वादात वेळ घालवू नये. दोन लिटरच्या खाली गेलं तर हा आकडा पाचच्या वर जातो आणि दुसऱ्या कार्डाला पहिल्याचं तापलेलं पाणी मिळतं. चारच्या वर नेण्यात फारसं हाती लागत नाही. टाकी मोठी घेतल्यानंही काही होत नाही: ७२० वॉट एक लिटर पाण्याला दर सहा सेकंदांना एक अंश तापवतात. वीस लिटरची बादली जोडा सांगणारे भेटतात. तिच्यामुळे वीस अंशांची वाढ चाळीस मिनिटं लांबते, एवढंच. तुमचा रेंडर रात्रभराचा आहे.

यावरून कूलरकडे येऊ, कारण हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तरी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, मनात येणारच. दुपारी बाहेर ४३ आणि हवा कोरडी असेल तर वाळ्याच्या चांगल्या कूलरमधून २८ ते ३० अंशांची हवा येते. तिचा फायदा जरूर घ्या, पण रेडिएटर कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. तिथे हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि आपलं, विशेषतः बोअरचं, पाणी जड. थेंब फिन्सवर वाळतात आणि मागे पांढरा क्षार राहतो. तो फुंकून जात नाही. चार-पाच फूट अंतर ठेवा, थोडं बाजूला. समोरची खिडकी उघडी हवीच, कारण कूलरचं काम हवा पुढे ढकलून बाहेर काढण्यावर चालतं, आणि तुमच्या कार्डांचे सहा-सातशे वॉटही त्याच खिडकीतून बाहेर जायचे आहेत. कूलर, माणूस, मशीन, खिडकी, अशी हवेच्या वाटेवर रांग लागली की सगळ्यांचं भागतं. खिडकी बंद केली तर हवा दमट होते, कूलरचा गारवा संपतो आणि खोली चढतच जाते.

एसी असेल तर गणित सोपं. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो, तुमचं मशीन त्यातला पाचवा हिस्सा खाईल. तेवढी जागा एसी घेताना धरा.

कूलरच्या टाकीतलं गार पाणी टुल्लू पंपानं थेट ब्लॉकमधून फिरवावं, ही कल्पना मोहात पाडते, कारण ते पाणी खरंच पंचवीस-अठ्ठावीसला असतं. करू नका. त्यात क्षार आहेत, वाळ्याची काडी आहे, शेवाळ आहे, आणि ब्लॉकच्या खाचा थोड्याच दिवसांत भरून जातील. जूनच्या मध्यावर पाऊस आला, हवा दमट झाली की कूलर तसाही निकामी होतो. मग खोली ३२-३३ ला येते आणि तुमचा रेडिएटर एकट्यानं सहज पेलतो. बाष्प साचून शॉर्ट होईल ही भीती या लूपमध्ये नाही. पाणी नेहमी खोलीपेक्षा गरमच असतं, आणि दव पडतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर.

३०९० ची एक खास अडचण आहे, ती रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी सुटत नाही. या कार्डावर मेमरीच्या २४ चिप आहेत, बारा पुढे आणि बारा पाठीमागे. वॉटरब्लॉक पुढच्या बारांना थंड करतो. मागच्या बारा नुसत्या धातूच्या पट्टीवर टेकलेल्या असतात, आणि ४० च्या खोलीत ती पट्टी हाताला चटका देते. ही मेमरी ११० अंशांना स्वतःहून वेग कमी करते. कोर ६३ दाखवतोय आणि रेंडर तरी रेंगाळतोय, असं दिसलं तर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये मेमरी जंक्शनचा, म्हणजे मेमरी चिपच्या आतल्या तापमानाचा, आकडा बघा. उपाय दोन: पाठीलाही पाणी फिरवणारा ब्लॉक, किंवा पाठीच्या पट्टीवर छोटे हीटसिंक आणि वरून सरळ वारा मारणारा एक पंखा. थर्मल पॅडची (चिप आणि ब्लॉक यांच्यामधल्या मऊ पट्टीची) जाडी ब्लॉकच्या पुस्तिकेत लिहिलेली तीच वापरा. अर्धा मिलिमीटर जाड पॅड घातला की ब्लॉक कोरवर नीट बसत नाही आणि सगळीच तापमानं बिघडतात.

बसवताना थोडं सांभाळा. ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात ३९५ ते ४०० मिमी लांब असतो, टोकाचे कप्पे धरून, आणि जाडीत पंख्याचे २५ मिमी वेगळे. कॅबिनेटची जागा टेपनं मोजा. २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचा स्क्रू लागतो. त्याहून पाच मिमी जास्त लांब स्क्रू नेमका पाण्याच्या नळीत घुसतो, आणि वॉरंटीतही ते बसत नाही. काही रेडिएटरमध्ये भोकाखाली संरक्षक पट्टी असते, ती असलेला मिळाला तर तोच घ्या. नव्या रेडिएटरमध्ये डाग देतानाचं फ्लक्स राहिलेलं असतं. कोमट डिस्टिल्ड वॉटर निम्मं भरून जोरात हलवा, ओता, पांढऱ्या भांड्यात कण दिसेनासे होईपर्यंत पुन्हा करा. लूपमध्ये भरायलाही डिस्टिल्ड वॉटरच, सोबत गंज आणि शेवाळ रोखणारं औषध बाटलीवरच्या प्रमाणात. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार कमी असतात पण असतातच. रंगीत, दुधाळ कूलंट टाळा, त्यातले कण गरम पाण्यात बसतात. दोन रेडिएटर, दोन ब्लॉक आणि टाकी मिळून एक ते दीड लिटर लागेल, धुण्यासकट पाच लिटर आणून ठेवा. कार्डांना वीज न देता फक्त पंप चालवून, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून, एक रात्र बघा. मगच कार्डांना वीज जोडा.

पंख्यांचा वेग कार्डाच्या तापमानावर नको, पाण्याच्या तापमानावर बांधा. त्यासाठी लूपमध्ये जी-वन-फोर्थ आट्यांचा (या फिटिंगचं नेहमीचं माप), १० किलोओहमचा सेन्सर येतो, तो मदरबोर्डच्या दोन पिनांवर लागतो. पाणी ४० ला असेपर्यंत पंखे ७५० वर, ४५ ला १०००, ५० ला १३००, ५३ ला पूर्ण. हिवाळ्यात हीच मांडणी आपोआप शांत राहते. पंपाची वेगाची तार सीपीयू फॅनच्या पिनवर लावा आणि बायोसमध्ये सूचना चालू ठेवा, पंप बंद पडला तर मशीनला कळलं पाहिजे.

पहिली चाचणी संध्याकाळी सहानंतर घ्या, दोन्ही कार्डांवर खरा रेंडर लावून. पाणी पंधरा-वीस मिनिटांत स्थिर होतं, पण खोली स्थिर व्हायला एक-दोन तास लागतात, म्हणून दोन तासांनंतरचा आकडा धरा. पाण्याचं तापमान वजा पंख्याच्या तोंडाशी असलेल्या हवेचं तापमान, पंख्याच्या ठरावीक वेगाला, हा एकच आकडा लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुमच्या बाबतीत दोन ३६० बाहेर मोकळ्या हवेत, २८० ची मर्यादा आणि १३०० आरपीएम, असं असेल तर तो साडेनऊ ते साडेदहा यायला हवा. पहिल्याच दिवशी तेरा-चौदा आला तर रेडिएटरचा दोष नसतो. कुठेतरी गरम हवा फिरून पुन्हा पंख्यात येते आहे, किंवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकला आहे. पंप चालू ठेवून रेडिएटर दोन्हीकडे तिरपा करा, टाकीत बुडबुडे येताना दिसतील. नंतर काही आठवड्यांनी त्याच वेगाला फरक दोन-तीन अंशांनी वाढलेला दिसला तर फिन्समध्ये धूळ भरली आहे. पंखे काढा आणि ब्लोअरनं हवेच्या उलट दिशेनं फुंका, म्हणजे धूळ ज्या बाजूनं शिरली त्याच बाजूनं बाहेर येते. पंखे न काढता फुंकलंत तर पाती वेड्यासारखी फिरून बेअरिंग खराब होतात. एप्रिल ते जून हे दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागेल, पावसाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी पुरतं.